सूर लावून झाला की वाजवतो

आधी पेटी आत येते, मग तो. पेटी दारातून आडवी मावत नाही आणि उभी धरायला त्याचं मन धजत नाही. म्हणून ती तिरकी करून, खालून हाताचा आधार देत, झोपलेलं मूल पाळण्यासकट दुसऱ्या खोलीत न्यावं तशा बेताने तो उंबरठा ओलांडतो. यजमानीणबाई "या, बसा" म्हणतात. तो बसत नाही. शेगडीकडे बघतो, खिडकीकडे बघतो आणि काळजीच्या सुरात विचारतो, "ही केव्हापासून उघडी आहे?"

बाईंना वाटतं, गृहस्थाला पडसं झालेलं दिसतंय. तो ठणठणीत असतो. पडसं होण्याची भीती पेटीतल्या बाईसाहेबांना असते.

हा अठराव्या शतकातला जर्मन ल्यूटवाला. नाव सांगत नाही, कारण हा एकटादुकटा नव्हे. 1700 ते 1750 च्या दरम्यान लाइपझिग, ड्रेस्डेन, ब्रेस्लाउ, न्युरेम्बर्ग, कुठल्याही गावातल्या बऱ्या घरी संध्याकाळी डोकावलात, तर शेगडीपासून मोजून सहा पावलांवर हा सापडायचा. जवळ नको, तारा तापतात. लांब नको, गारठतात. सहा पावलं हा त्याच्या आयुष्याच्या अभ्यासाचा निष्कर्ष असतो.

याची आठवण निघायचं कारण वेगळंच आहे. योहान सेबास्टियन बाख हा माणूस कशाकशासाठी लिहायचा याला सुमार नाही. ऑर्गन, व्हायोलिन, चेलो, बासरी, ओबो, ट्रम्पेट, पोरांचे गळे, म्हाताऱ्यांचे गळे. कॉफी सोडायला तयार नसलेल्या एका हट्टी मुलीवरसुद्धा त्याने पाऊण अंक खर्ची घातला. 1950 साली व्होल्फगांग श्मीडरने त्याच्या रचनांची मोठी यादी छापली, तिच्यात आकडे 1080 पर्यंत जातात. त्यात ल्यूटच्या नावावर किती? सात. तेही मोजणाऱ्याने उदार मनाने मोजले तर. आणि गंमत अशी की ल्यूटचा नाद बाखला आवडत होता, याला पुरावा आहे. मग हात इतका आखडता का?

जाणकार याची कारणं नीट, क्रमवार देतात. माझं मत विचाराल तर कारण त्या खुर्चीत बसलंय, कोपऱ्यातल्या, आणि अजून सातवी तार लावतंय.

ही ल्यूट म्हणजे मूळची अरबांची ऊद. स्पेनच्या वाटेने युरोपात गेली आणि अल-ऊदची ल्यूट झाली. नासपती उभी चिरावी तशी तिची पाठ, लाकडाच्या कागदासारख्या पातळ पट्ट्या एकीला एक चिकटवून केलेली. वर तबली, तबलीत कोरलेली जाळी, आणि दांडीच्या टोकाला खुंट्यांचा भाग असा मागे मोडलेला की नवख्याला वाटावं, वाद्य कुणाच्या तरी पायाखाली आलंय. हातात घेतली तर वजन म्हणून लागत नाही. सुरुवातीला तिला तारांच्या सहा जोड्या होत्या, आणि सहा जोड्यांवर माणसं सुखाने जगत होती. मग पिढी दर पिढी कुणीतरी खाली खर्जाची एक जोडी वाढवत गेलं. आपल्या माणसाच्या हाती आली तेव्हा जोड्या अकरा होत्या, त्याच्या डोळ्यांदेखत तेरा झाल्या. वरच्या दोन तारा एकेकट्या, बाकीच्या जोडीने. हिशेब केलात तर चोवीस होतात. तारा म्हणायचं, पण धातूच्या नव्हेत, मेंढीच्या आतड्याच्या. पिंजाऱ्याच्या धनुकलीला असते तसली तात. मेंढी गेली तरी तिचा हवेशी असलेला संबंध सुटत नाही. बाहेर भुरभुर पाऊस आला की तात एकीकडे जाते, आत शेगडी पेटली की दुसरीकडे. दांडीवरचे पडदेही तातेचेच, गाठ मारून बांधलेले आणि सरकणारे. म्हणजे जमीनही हलणारी आणि वर उभा राहणाराही.

तो पहिली खुंटी पिळतो. कान लावतो. दुसरी पिळतो. यजमान कॉफी मागवतात. तो पाचवीवर असतो. कॉफी येते, पिऊन होते, सेवक कप उचलतो. त्या कपांच्या किणकिणाटाने तो डोळे मिटून थांबतो, चेहऱ्यावर क्षमेचे भाव आणतो आणि आठवीकडे वळतो. तेरावीपर्यंत येईतो पहिली उतरलेली असते. हे त्याला ठाऊक असतं, म्हणून तो तेरावीवरून परस्पर पहिलीवर जातो, वाटेत कुणाशी बोलत नाही. शेवटी एकदाचा हात फिरवतो. सगळा सूर मधासारखा एकत्र येतो. लोक खुर्च्या पुढे ओढतात. चार मिनिटं तो असं काही वाजवतो की कॉफीचं, शेगडीचं, खिडकीचं सगळं विसरायला होतं. लोक "आणखी" म्हणतात. तो नम्रपणे मान लववतो आणि म्हणतो, "यापुढचा तुकडा दुसऱ्या पट्टीतला आहे."

दुसऱ्या पट्टीतला आहे म्हणजे काय, हे नेहमीच्या श्रोत्यांना माहीत असतं. खर्जाच्या तारांवर बोट पडत नाही, त्या उघड्याच वाजतात. तेव्हा पट्टी बदलली की त्या पुन्हा लावायच्या. यजमान दुसरी कॉफी मागवतात.

सूर लावणाऱ्यांविषयी आपल्याला आकस असायचं कारण नाही. तानपुरा जुळेपर्यंत आपण जाजमावर बसून राहिलेले लोक आहोत, आणि जुळला की वाजण्याआधीच "वा" म्हणणारेही आपल्यात आहेत. पण तानपुऱ्याला तारा चार. जुळवणारा जुळवतो, मागे बसतो आणि गाणारा गातो. इथे जुळवणारा हाच, वाजवणारा हाच आणि "आज हवा काही बरी नाही" म्हणणाराही हाच.

या माणसावर जाहीर हल्ला व्हायचाच होता. तो झाला 1713 साली, हँबर्गला. करणारा योहान माटेसॉन. स्वतः गायक, वादक, संगीतकार आणि मतं ठेवण्याच्या कामात या तिन्हींपेक्षा तरबेज. त्याने आपल्या पुस्तकात हिशेबच मांडला: ल्यूटवाला ऐंशी वर्षं जगला, तर त्यातली साठ त्याने सूर लावण्यात घालवली असं धरून चालावं. एवढं करूनही शंभरांत, विशेषतः हौशी मंडळींत, दोघांना सूर धड लावता येईल की नाही ही शंकाच. आणि पॅरिसमध्ये म्हणे एक ल्यूट पोसायला एका घोड्याइतका खर्च येतो. हा माटेसॉन तसा धोक्याचाच इसम. 1704 साली त्याने हँडेलवर तलवार उपसली होती आणि हँडेलच्या कोटाचं बटण मध्ये आलं म्हणून पुढचं सगळं संगीत जगाला मिळालं, असं सांगतात. ल्यूटवाल्यांच्या कोटाला तसलं बटण नव्हतं. वार बसला. आज तीनशे वर्षांनीही ल्यूटचा विषय निघाला की कुणीतरी ती साठ वर्षं काढतोच. मीही काढलीच.

उत्तर आलं, नाही असं नाही. एर्न्स्ट गॉटलीब बारोन या ल्यूटवाल्याने न्युरेम्बर्गला ल्यूटवर अख्खं पुस्तक काढलं आणि त्यात माटेसॉनचा यथास्थित समाचार घेतला. साल 1727. म्हणजे उत्तर यायला चौदा वर्षं लागली. सूर लावत असावेत. खरं तर हल्ला झाला तेव्हा बारोन सतरा वर्षांचा पोरगा होता, त्यामुळे हा विनोद तसा अन्यायाचाच आहे. पण ल्यूटवाल्यांच्या बाबतीत मोह आवरत नाही.

आता त्याची वही बघू. ती तो सहसा दाखवत नाही. कोटाच्या आत, काळजाच्या बाजूला असते आणि कुणी "नकलून घेऊ का?" विचारलं तर त्याला एकदम आठवतं की ती बांधणीवाल्याकडे द्यायची आहे. दाखवली तरी तुम्हाला काही कळणार नाही, हा भाग वेगळा. बाकीचं युरोप पाच रेघांवर ठिपके काढून सूर लिहीत होतं. याच्या वहीत रेघा सहा, आणि त्यांच्यावर अक्षरं. रेघ म्हणजे तार. ए म्हणजे तार उघडी सोडा, बी म्हणजे पहिल्या पडद्यावर बोट, सी म्हणजे दुसऱ्या. कोणता सूर निघणार हे लिहिलेलंच नाही; बोट कुठे जाणार एवढंच लिहिलंय. पत्ता आहे, माणसाचं नाव नाही. हार्पसिकॉर्ड वाजवणाऱ्याच्या हातात ही वही दिली तर त्याला ती वाण्याची चोपडी वाटेल. ल्यूटवाल्याला याचं दुःख नाही. उलट, चार माणसांत वही उघडताना त्याच्या चेहऱ्यावर जे समाधान दिसतं ते मोडी वाचणाऱ्याच्या चेहऱ्यावरचं समाधान असतं.

या लिपीने एक काम चोख केलं. ज्याला ल्यूट येत नाही, त्याला ल्यूटसाठी लिहिता येणार नाही अशी तजवीज झाली. सुतारासाठी सुतार, सोनारासाठी सोनार, तसं ल्यूटवाल्यासाठी ल्यूटवाला. गुरूने लिहायचं, शिष्याने नकलायचं, शिष्याने पुढे थोडं बदलून आपल्या नावावर घ्यायचं. घराणं बंद, दाराला आतून कडी. बाहेरचा कुणी थोर माणूस असला तर त्याने दारावर टकटक करावी, आणि तो फार थोर असला तर आतूनच "जरा थांबा, सूर लावतोय" असं उत्तर यावं.

आणि बाख बाहेरचा होता. बोटं ऑर्गनवर आणि हार्पसिकॉर्डवर वाढलेली, व्हायोलिन-व्हिओलाही हाताखालची. आपल्याकडे असता तर त्याला बाखबुवाच म्हटलं असतं: पोरांना शिकवणारा, देवळातल्या गाण्याची जबाबदारी वाहणारा, वरिष्ठांशी भांडणारा आणि घर भरलेलं असणारा. 1723 पासून तो लाइपझिगच्या सेंट थॉमस चर्चच्या शाळेत कांटोर, बिऱ्हाड शाळेच्याच इमारतीत. त्या घराची वर्दळ अशी की त्याच्या मुलाने पुढे त्याला कबुतरांच्या ढाबळीची उपमा दिली. पहिली काही वर्षं तर जवळजवळ दर रविवारी चर्चमध्ये गायचा नवा कँटाटा. सोमवारी लिहायला घ्यायचा, शनिवारपर्यंत बायको, मुलं, शिष्य सगळ्यांनी बसून प्रत्येकाचा भाग नकलायचा, रविवारी सकाळी तो उभा करायचा. या ढाबळीत आपला ल्यूटवाला पेटी तिरकी करून शिरतो आहे असं डोळ्यांसमोर आणा. पुढचं संभाषण माझं आहे, इतिहासाचं नाही.

"हेर कांटोर, आमच्यासाठीही एखादी गत लिहा की."

"लिहू. कुठल्या पट्टीत?"

"तुमच्या सोयीने. म्हणजे, डी मायनर असली तर बरी. एफ मेजर चालेल. ई मेजर मात्र नको, तारा ऐकत नाहीत."

"बरं."

"आणि खर्ज ए पर्यंतच ठेवा. त्याच्या खाली आमच्याकडे काही नाही."

"बरं."

"आणि हेर कांटोर, फार दाट नको."

बाखला "फार दाट नको" सांगणं म्हणजे कोल्हापुरात पानावर बसून "तिखट बेताने" म्हणण्यासारखं आहे. मान डोलावली जाते, वाढायचं ते वाढलं जातंच.

संभाषण कल्पनेतलं असलं तरी त्याचे परिणाम कागदावर आहेत. आपल्याच व्हायोलिनच्या एका पार्टिटेची बाखने नवी आवृत्ती केली, जी आज ल्यूटच्या खात्यावर धरतात. पट्टी? ई मेजर. चेलोचा पाचवा सूट, म्हणजे नाचाच्या गतींची माळ, त्याने ल्यूटसाठी पुन्हा लिहिला, मुखपृष्ठावर स्वतःच्या हाताने फ्रेंचमध्ये कुणा शूस्टर महाशयांचं नाव घातलं, आणि आत खर्जाचा एक असा सूर ठेवला जो तेरा जोड्यांच्या ल्यूटवर नाहीच. ते हस्तलिखित आज ब्रसेल्सच्या ग्रंथालयात आहे. हे सगळं त्याने पाच रेघांच्या लिपीत लिहिलं. म्हणजे शूस्टर महाशयांनी घरी जाऊन एकेक ठिपक्याचं बोट शोधायचं, अक्षरं मांडायची आणि त्या नसलेल्या खर्जापाशी आलं की छताकडे बघायचं.

बाखच्या परिचयातल्या वायराउख नावाच्या ल्यूटवाल्याने ही मेहनत खरोखर केली. सी मायनरमधला बाखचा एक सूट त्याने अक्षरांच्या लिपीत उतरवला. सगळा नाही. मधला फ्यूग, म्हणजे एकच धून अनेक आवाजांत एकमेकांमागून येणारा गुंतागुंतीचा भाग, वगळला, शेवटचा धावता भागही वगळला. सारबांद, जीग असली सोसवणारी मंडळी घेतली. मला हा वायराउख फार जवळचा वाटतो. आपणही मोठे ग्रंथ असेच वाचतो.

सातांचा हिशेब आता पुरा करून टाकू. दोन रचना चेलो आणि व्हायोलिनवरून आणलेल्या. एक फ्यूग, तोही व्हायोलिनच्या सोनाटातला. एक वायराउखच्या तावडीत सापडलेला सूट. एक प्रील्यूड, इतका छोटा की तिसरी कॉफी निवायच्या आत संपतो. एक देखणी प्रील्यूड-फ्यूग-अलेग्रो, जिच्यावर बाखने लिहिलं: ल्यूटसाठी किंवा हार्पसिकॉर्डसाठी. हा "किंवा" वाचून ल्यूटवाल्यांना काय वाटलं असेल! पत्रिकेवर वराच्या नावापुढे "किंवा" यावा तसं. राहिली सातवी. तिच्या एका जुन्या प्रतीवर ती भलत्याच वाद्यासाठी असल्याची नोंद आहे. तिच्याकडे येतोच.

चर्चमध्ये तरी ल्यूटवाल्याला मान मिळाला का? मिळाला, आणि काढूनही घेतला. 1724 च्या गुड फ्रायडेला बाखने येशूच्या यातनांची कथा गाणारा सेंट जॉन पॅशन उभा केला. त्यात येशूला फटके मारल्यानंतर एक असा क्षण येतो की सगळा कोलाहल थांबतो आणि एकटा गायक मनाला समजावतो. तिथे बाखने ल्यूट ठेवली. जागा अचूक. त्या क्षणाला हेच वाद्य हवं होतं, दुसरं कुठलंही ढोबळ झालं असतं. पुढच्या प्रयोगांत तो भाग कीबोर्डकडे गेला. सेंट मॅथ्यू पॅशनमध्ये क्रूस वाहण्याच्या गाण्याला आधी ल्यूट होती. 1736 च्या आवृत्तीत तिथे व्हिओला द गांबा येऊन बसला. 1727 साली सॅक्सनीची इलेक्ट्रेस, म्हणजे तिथल्या राज्यकर्त्याची बायको, क्रिस्टियाने एबरहार्डिने वारली. नवरा पोलंडच्या गादीसाठी कॅथलिक झाला तरी ही आपला पंथ न सोडणारी बाई, त्यामुळे लाइपझिगला तिचं मोठं कौतुक. तिच्या शोकसभेच्या संगीतात बाखने एक सोडून दोन ल्यूट घातल्या. दोन म्हणजे अठ्ठेचाळीस तारा, ऑक्टोबर महिना आणि दगडी चर्च. बाख पुन्हा त्या भानगडीत पडला नाही, यात मला नवल वाटत नाही.

हवेचा विषय निघालाच आहे तर सांगतो. 1730 साली बाखने एर्डमान या जुन्या मित्राला पत्र लिहिलं. त्यात रड अशी की आपली मिळकत सातशे थालरच्या आसपास, प्रेतयात्रा जास्त झाल्या की ती वाढते, पण हवा निरोगी असली की लोक मरत नाहीत. गेल्या वर्षी या चांगल्या हवेपायी शंभरावर थालर बुडाले. म्हणजे त्या शहरात हवेवर दोन माणसं सारखीच नाराज होती. फक्त ल्यूटवाल्याची नाराजी दर तासाला बदलायची.

एवढी थट्टा केली, तर या जातीचा राजा कोण होता तेही सांगायला हवं. सिल्व्हियुस लिओपोल्ड वाइस. 1718 पासून ड्रेस्डेनच्या दरबारात, आणि 1744 साल येईतो तिथल्या वादकांत सगळ्यांत जास्त पगार घेणारा. त्याचं वाजवणं इतकं गाजलं की 1722 साली पेती नावाच्या एका फ्रेंच व्हायोलिनवाल्याने त्याचा उजवा अंगठा दाताने तोडायचा प्रयत्न केला. व्हायोलिन आणि ल्यूट यांच्यात कोण श्रेष्ठ या वादात इतका स्पष्ट युक्तिवाद दुसरा कुणी केलेला नाही. अंगठा वाचला. वाइसने ल्यूटसाठी सहाशेच्या वर तुकडे लिहिले, सगळे आपले आपण, आपल्या बोटांसाठी. बाहेरच्या कुणाची गरज काय?

1739 च्या उन्हाळ्यात हा वाइस लाइपझिगला आला, सोबत क्रॉप्फगान्स नावाचा दुसरा नामांकित ल्यूटवाला. बाखचा थोरला मुलगा विल्हेल्म फ्रीडेमान ड्रेस्डेनहून महिनाभरासाठी घरी आलेला. त्या दिवसांत दोघं बाखच्या घरी बरेचदा वाजवून गेले, असं घरातल्या लेखनिकाचं काम बघणाऱ्या योहान एलियास बाख या नातलगाने खुशीने लिहून ठेवलंय. ढाबळीत एका वेळी दोन-दोन ल्यूट! खिडक्या नक्की बंद असणार. या दर्जाचा माणूस घरात बसलेला असताना बाखने त्याच्यासाठी एखादं थोरलं काम लिहायला घ्यावं, असं आपल्याला वाटतं. त्याने उलटं केलं. वाइसचा ए मेजरमधला एक सूट घेतला, त्यावर व्हायोलिनची एक नवी ओळ चढवली आणि खालचा सगळा भाग कीबोर्डकडे दिला. ल्यूटचं संगीत त्याला हवं होतं, म्हणून त्याने ते ल्यूटमधून सोडवून आणलं.

आणि इथे ते भलतं वाद्य येतं. त्याचं नाव लाउटेनवेर्क. दिसायला हार्पसिकॉर्डच्या कुळातलं, पुढ्यात पट्ट्या, पण आत धातूच्या तारांऐवजी तात. पट्टी दाबली की आवाज ल्यूटचा. बाखचा येनामधला चुलत नातलग योहान निकोलाउस बाख असली वाद्यं बनवायचा. सेबास्टियन बाखने 1740 च्या सुमारास स्वतःच्या कल्पनेने एक बनवून घेतलं, झाखारियास हिल्डेब्रांट या कारागिराकडून. ते पाहिलेला आणि ऐकलेला माणूस आहे: त्याचा शिष्य योहान फ्रीडरिख अग्रिकोला. त्याची साक्ष अशी की नेहमीसारखं वाजवलं तर ते थिऑर्बोसारखं, म्हणजे ल्यूटच्या थोरल्या भावासारखं वाजायचं. पण अमुक खटके ओढले की खुद्द धंदेवाईक ल्यूटवाल्यांनाही जवळजवळ फसवता यायचं.

फसवता यायचं! हे वाचलं तेव्हा मला बाखच्या मनाचा ठाव लागल्यासारखं वाटलं. ही साक्ष मी माझ्या मताच्या बाजूने वापरतो आहे, ते मान्य आहे. पण विचार करा. एका माणसाला ल्यूटचा नाद हवाय. तो नाद ज्याच्या पोटात आहे तो गृहस्थ पाच रेघा वाचायला कुरकुरतो, ई मेजरला नाही म्हणतो, फ्यूग गाळतो आणि रविवारी सकाळी चर्चमध्ये "जरा थांबा" म्हणतो. अशा वेळी तुम्ही-आम्ही त्याची समजूत काढली असती किंवा नाद सोडला असता. बाखने सुतार बोलावला. आवाज ठेवला, माणूस वगळला. मग हव्या त्या पट्टीत, हवं तितकं दाट, दहाही बोटांनी वाजवता आलं. आणि दुधात साखर म्हणजे, शेजारच्या खोलीत खऱ्या ल्यूटवाल्याला बसवून "कोण वाजवतंय सांगा पाहू?" विचारायची सोय. त्या सातव्या रचनेवर, ई मायनरच्या सूटवर, नोंद आहे ती हीच: लाउटेनवेर्कवर वाजवावी.

तो सूट आज कोण वाजवतं? गिटारवाले. 1921 साली हान्स डागोबर्ट ब्रूगर याने बाखच्या ल्यूटच्या रचना एकत्र छापल्या आणि तेव्हापासून गिटारवाल्यांनी त्या पोटच्या पोरासारख्या वाढवल्या. त्या ई मायनर सूटमधली बूरे शास्त्रोक्त गिटार शिकणाऱ्या पोराच्या हातून कधीतरी जातेच, मग तो माद्रिदचा असो की मुंबईचा. म्हणजे ल्यूटवाल्याला चुकवायला केलेल्या वाद्याची गत सहा तारांच्या वाद्यावर येऊन बसली, आणि जगात ती "ल्यूट सूट" म्हणून ओळखली जाते. गिटारवाल्याला हे कधी समजावून सांगू नका. तोही वाजवायच्या आधी बराच वेळ खुंट्या पिळत असतो, आणि मध्येच वर बघून म्हणतो, "एसी जरा कमी करता का?"

बाख 28 जुलै 1750 ला गेला, वाइस त्याच वर्षी ऑक्टोबरात. बाखच्या मागे घरातल्या चीजवस्तूंची किमतीसकट यादी झाली. तिच्यात स्टाइनर बनावटीचं व्हायोलिन आहे, 8 थालर. लाउटेनवेर्क दोन, प्रत्येकी 30. आणि एक ल्यूट, 21 थालर. होय, घरात ल्यूट होती, आणि नावाजलेल्या व्हायोलिनच्या अडीचपटीहून महाग होती. माझ्या मताला हिच्यामुळे जरा तडा जातो, पण मी ते बदलणार नाही. माझी तक्रार वाद्याबद्दल कधी नव्हतीच. त्या काळातलं एकही लाउटेनवेर्क आज शिल्लक नाही. ल्यूट पुष्कळ शिल्लक आहेत, युरोपातल्या संग्रहालयांत, काचेआड. तिथे हवेतला ओलावा चोवीस तास मोजून एकसारखा ठेवतात.